सहा मीटरचं वर्तुळ

लातूरमध्ये "मी स्केटिंग करायचे" असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "गाडीखालून जाता येतं का?" पाय दोन्हीकडे फाकवून, हनुवटी जमिनीला टेकवून उभ्या जीपखालून निघणारी लेकरं सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेली असतात. त्याला लिंबो म्हणतात आणि मला ते येत नाही. मग दुसरा प्रश्न शर्यतीचा. शर्यतही मी कधी पळाले नाही. मी करायचे ते आर्टिस्टिक स्केटिंग. बर्फावर चमकते कपडे घालून गिरक्या घेतात, उड्या मारतात, तेच, फक्त चाकांवर. बुटाखाली पुढे दोन चाकं, मागे दोन आणि चवड्याखाली रबराचा टो-स्टॉप. उड्याही बहुतेक त्याच: सालकॉव, फ्लिप, लुट्झ, अ‍ॅक्सेल. एवढं सांगून झालं की समोरचा म्हणतो, "अस्सं. पण बर्फ कुठंय?"

बर्फ नाही, सिमेंट आहे. माझी सगळी कारकीर्द सिमेंट, फरशी आणि प्लायवूडवर झाली.

हेही सांगून टाकते की मी मोठी खेळाडू नव्हते. राज्याची पदकं घरात आहेत, राष्ट्रीय स्पर्धांना जाऊन आले, पण भारताचा ब्लेझर अंगावर आला नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुपकुमार यामानं या खेळात दोन कांस्य पदकं आणली, एक एकट्यानं आणि एक अवनी पांचाळबरोबर जोडीनं. तेव्हा मी शाळेत होते. ती बातमी कापून आईनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा जवळ. निजामाच्या राज्यातून सुटून कितीतरी वर्षं झाली, पण काही गोष्टी शिकायच्या तर लातूरची माणसं अजून तिकडेच बघतात. त्यामुळे ती पदकं मला परक्याची वाटलीच नाहीत.

सातव्या वर्षी सुरुवात केली ती शाळेच्या व्हरांड्यात. शहाबादी फरशी, तिच्या सांध्यांवरून चाकं टकटक वाजायची आणि मुख्याध्यापिका बाई बाहेर यायच्या. आमचे सर खरं तर पीटीचे. पुण्यात शिबिरं करून, जुनी नियमपुस्तकं झेरॉक्स करून त्यांनी हा खेळ शिकून घेतला होता. त्यांनी आम्हाला व्हरांड्यातून बास्केटबॉल कोर्टवर नेलं आणि पहिली गोष्ट केली ती अशी: सिमेंटात खिळा ठोकला, त्याला तीन मीटर सुतळी बांधली आणि दुसऱ्या टोकाला ब्रश धरून लाल ऑइलपेंटनं वर्तुळ काढलं. मग त्याला चिकटून दुसरं. झाला आठाचा आकडा. प्रत्येक वर्तुळाचा व्यास सहा मीटर. पुढं लूपसाठी लहान वर्तुळं आली, २.४ मीटरची.

याला फिगर्स म्हणतात. करायचं एवढंच: एका पायावर उभं राहायचं, एकदाच रेटा द्यायचा आणि त्या रेट्यात अख्खं वर्तुळ, म्हणजे जवळजवळ १९ मीटर, रेघ न सोडता पुरं करायचं. मग दुसरा पाय, दुसरं वर्तुळ. ऐकायला सोपं वाटतं. चाकांना हँडल नसतं. अंग जिकडे कलेल तिकडे बुटाखालचं रबर दबतं, चाकांचा आस थोडा वळतो आणि स्केट वाकड्या रेषेत जातं. म्हणजे वळायचं तर कलायचं, आणि नेमकं रेघेइतकंच कलायचं. घोट्यापासून मानेपर्यंत कुठंही उगाच हालचाल झाली की चाक रेघेबाहेर. ते जमलं की त्यात वळणं येतात: थ्री टर्न, ब्रॅकेट, रॉकर, काउंटर. पुढून मागं, मागून पुढं, बाहेरच्या कडेवरून आतल्या कडेवर (पायाच्या ज्या बाजूला कललो ती कड), आणि सगळं त्याच लाल रेघेवर.

आजी एकदा डबा घेऊन कोर्टवर आली, बराच वेळ बघत बसली आणि सरांना म्हणाली, "लेकराला घाण्याला जुंपलंय का ओ तुम्ही? कवाधरनं गोलच फिरायलंय." सर हसले. मला मात्र पटलं होतं. मला उड्या मारायच्या होत्या. सर म्हणायचे, आधी तासभर फिगर्स, मग शेवटची वीस मिनिटं उड्या. बर्फावरच्या जागतिक स्पर्धांमधून फिगर्स १९९० नंतर काढून टाकले होते. प्रेक्षकांना आणि टीव्हीला त्यात काही बघण्यासारखं नव्हतं. चाकांवरच्या स्पर्धांत मात्र ते वेगळा प्रकार म्हणून राहिले. हे मला कुठून तरी कळलं तेव्हा मी सरांशी वाद घातला होता. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आपण बर्फावर नाही."

फिगर्सची स्पर्धा बघितली नसेल तर कल्पना येणार नाही. सकाळची वेळ, संगीत नाही, टाळ्या नाहीत. एक मुलगी वर्तुळावर आणि पंच वर्तुळाच्या कडेला उभे, मध्येच कमरेत वाकून तुमच्या चाकांकडे बघतात. बर्फावर ब्लेडची खूण उमटते, ती नंतरही तपासता येते. आमच्याकडे सिमेंटवर काही उमटत नाही, जे दिसलं ते त्याच क्षणी. माझ्या श्वासाचा आवाज पंचांना जातोय की काय, असं मला वाटायचं. दुपारनंतर फ्री स्केटिंग. तेव्हा मग संगीत, केसांत चमकी, आईनं शिवलेला स्ट्रेच वेलवेटचा ड्रेस. टिकल्या तिनं एकेक करून हातानं लावलेल्या असायच्या आणि प्रत्येक स्पर्धेनंतर पडलेल्या टिकल्या मोजून ती पुन्हा लावायची.

गुण तेव्हा जुन्या पद्धतीचे: दहापैकी, दोन भागांत. एक तांत्रिक बाजूला, एक कलेच्या बाजूला. घरी फोन केला की बाबांचा पहिला प्रश्न, "कितीपैकी किती?" लातूरमध्ये गुण म्हटलं की माणूस सावरून बसतो. लातूर पॅटर्नचं गाव. सहा पूर्णांक काहीतरी ऐकलं की बाबा गप्प व्हायचे, त्यांच्या हिशेबात ते साठ टक्के. मी समजावून सांगायचे की या गुणांवर मी तिसरी आलेय, तर म्हणायचे, "मग पहिलीला तरी किती पडले?"

त्याच पॅटर्ननं आमची बॅच दर जूनमध्ये अर्धी केली. मुलगा नववीतून दहावीत गेला की त्याचे स्केट्स माळ्यावर. तीन-तीन वर्षं अ‍ॅक्सेलसाठी गुडघे फोडलेली मुलं क्लासच्या बॅगा घेऊन कोर्टच्या कुंपणाबाहेरून जाताना दिसायची, हात करायची. मी टिकले, कारण दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळाले आणि घरात खेळाची एकदम किंमत वाढली. तत्त्वाचा वगैरे काही भाग नव्हता त्यात.

राष्ट्रीय स्पर्धांमध्ये मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर फरशा. विशाखापट्टणमला समुद्राकाठी रिंक आहे. दिवसा उत्तम. संध्याकाळी दमट हवा आली की पृष्ठभागावर ओलसर थर बसतो आणि चाक हातचं सुटतं. मोठ्या शहरांतल्या मुली डब्यातून चाकांचे दुसरे संच काढायच्या: निसरड्या फरशीला मऊ, पकड जास्त असलेल्या फरशीला कडक. आमच्याकडे एकच संच, लातूरच्या धुळीवर घासून गुळगुळीत झालेला. बेअरिंगचंही तसंच. ६०८ नंबरची बेअरिंग, जी छोट्या मोटरींतही बसते, ती आम्ही बाजारातल्या बेअरिंगच्या दुकानातून आणायचो, काळ्या मातीची धूळ भरून ती करकरायला लागली की पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायची. दुकानदारानं एकदा विचारलं, "पोरी, मोटर कितीची आहे तुझी?"

२०१६ चा उन्हाळा लातूरच्या कुणालाही वेगळा सांगावा लागत नाही. मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ तारखेला पहिली गाडी, पाच लाख लिटर. सरावाआधी कोर्ट धुणं हा आमचा रोजचा नेम होता, धुळीवर चाक टिकत नाही. त्या उन्हाळ्यात सिमेंटवर बादलीभर पाणी ओतताना कुणी बघितलं असतं तर मार बसला असता, आणि तो योग्यच ठरला असता. सर गोणपाटानं कोर्ट पुसायचे. आम्ही उड्या बंद करून फक्त फिगर्स करत राहिलो, कारण सावकाश फिरताना धुळीवरही तोल सांभाळता येतो. लाल रेघा तोवर फिकट गुलाबी झाल्या होत्या.

त्याच सुमारास स्पर्धा सुटल्या. का सुटल्या याला सांगण्यासारखं एक कारण नाही. मी उडी मारून कायम उजव्या पायावर, मागच्या बाहेरच्या कडेवर उतरायचे, सगळेच डावीकडे फिरणारे तसेच उतरतात, आणि उजवा खुबा सकाळी उठताना बोलायला लागला होता. डबल अ‍ॅक्सेल येत नव्हती आणि येणार नव्हती हेही कळलं होतं. खालच्या वयाच्या मुली वर आल्या. निवृत्तीचं कुणाला पत्र द्यायचं नसतं. एका वर्षी अर्ज भरला नाही, एवढंच.

शो त्यानंतर सुरू झाले, आणि त्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण स्पर्धेतून आलेले लोक शोबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. "हल्ली शो करते" हे "हल्ली तब्येत बरी नसते" अशा सुरात म्हणतात. वास्तविक या खेळात ही वाट फार जुनी आहे. सोन्या हेनीनं १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं घेतली आणि लगेच व्यावसायिक शोकडे वळली, सिनेमात गेली. लोकांना खेचणारा बॅकफ्लिप, म्हणजे हवेतली उलटी कोलांटी, तर बर्फावरच्या स्पर्धांत १९७० च्या दशकापासून बंद होता, शोमध्ये मात्र दिमाखात चालायचा. २०२४ मध्ये स्पर्धेलाही तो आत घ्यावा लागला. म्हणजे शोनं स्पर्धेकडून घेतलं तसं दिलंही आहे.

माझी सुरुवात मात्र लग्नाच्या लॉनवरून. नवरीच्या एन्ट्रीआधी पाच मिनिटं "काहीतरी वेगळं" हवं होतं. स्टेज बघायला गेले आणि पोटात गोळा आला. स्पर्धेचा रिंक चाळीस-पन्नास मीटर लांब असतो. हे स्टेज वीस फूट बाय चोवीस फूट. लुट्झला जो लांबलचक मागचा वळसा लागतो तो इथे घेतला तर मी थेट वरमाईच्या मांडीवर. वर लाइटचा ट्रस, मागं फुलांची भिंत. एकही उडी नीट बसत नव्हती. मी नुसतीच पावलांनी स्टेज मोजत चालले होते आणि मध्येच लक्षात आलं की वीस फूट म्हणजे सहा मीटर. आमच्या कोर्टवरचं लाल वर्तुळ इथे बरोब्बर मावतं. वीस फुटांच्या बाजूनं फूटभर इकडे नाही, फूटभर तिकडे नाही.

त्या रात्री मी उडी एकच मारली, तीही साधी वॉल्ट्झ जंप. बाकी सगळं वर्तुळावर: थ्री टर्न, ब्रॅकेट, लूपची छोटी गाठ, पुन्हा बाहेरची कड. एका रेट्यात अख्खं स्टेज, जाग्यावर जोर न लावता. लोकांना ते काय आहे हे कळायचं कारणच नव्हतं. पण पाय न हलवता बाई सरकत कशी राहते, हे त्यांना नवल वाटलं. पुढच्या रांगेतली एक आजीबाई शेजारणीला म्हणाली, "खाली मशीन लावलंय की काय बया?" ज्या प्रकाराला टीव्हीनं कंटाळवाणं म्हणून काढून टाकलं, तोच लग्नात चालला. हे मला आजही फार आवडतं.

मग कामं येत गेली. शाळांची गॅदरिंग, गणेश मंडळं, दुकानांची उद्घाटनं, एका पुढाऱ्याचा वाढदिवस. एका कार्यक्रमात सरबताचा ट्रे घेऊन पाहुण्यांत फिराल का, असं विचारलं. फिरले. मागच्या कडेवरून वळताना ट्रे हलू न देणं ही काही सोपी कसरत नाही, आणि पैसे चांगले होते. स्पर्धेला घरातून पैसे जायचे, शोला घरात यायचे. हा फरक आईला कुणी समजावून द्यावा लागला नाही. एकानं बुडवलेही. तेव्हापासून निम्मे आधी.

मंडपवाल्यांशी माझी खरी झुंज फरशीवरून. त्यांना कार्पेट हवंच असतं. "ताई, कार्पेट काढलं तर स्टेज उघडं दिसंल की." "काका, चाक रुतायलंय त्यात, मी तोंडावर पडल्यावर जास्त वाईट दिसेल." मग खालचं प्लायवूड निघतं, आणि त्याचे सांधे. दोन पाट्यांमध्ये बोटभर फट असली की संपलं. खिळ्यांची डोकी वर आलेली असतात, ती हातोडीनं मी स्वतः ठोकते, सांध्यांवर रुंद टेप मारते. झेंडूच्या पाकळ्या चाकाखाली चुरगळल्या की केळीच्या सालीला मागं टाकतात, म्हणून पुष्पवृष्टी माझ्यानंतर. धुराचं मशीन जास्त वेळ चाललं तर जमिनीवर तेलकट थर उतरतो. कोल्ड पायरोची, म्हणजे स्टेजवर उडवतात त्या थंड ठिणग्यांची, बारीक राख बेअरिंगमध्ये जाते. चमकीचे कागद टो-स्टॉपला चिकटतात. आता माझ्याकडे छापील पान आहे, सुपारी घेतानाच देते. कुणी वाचत नाही, पण भांडताना हातात असलेलं बरं.

नऊवारी स्केट्सवर फार छान बसते. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, स्पर्धेच्या स्कर्टपेक्षा सुटसुटीत. फक्त ओचा आखूड धरायचा. गोंधळाच्या नाचासाठी म्हणून मी तुळजापूरकडच्या एका संबळवाल्या काकांना शोधलं. आधी मोबाइलमधला ट्रॅक लावून करत होते, पण संबळ अंगावर आल्याशिवाय गोंधळ उभा राहत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझे दोन वळसे नुसते बघितले. म्हणाले, "ताई, तुमची चक्कर कुठं मोडती तेवढं दाखवा. तिथं मी थाप देतो." त्यांना ब्रॅकेट माहीत नव्हतं, कड माहीत नव्हती. पण वळणाच्या आधी माझा खांदा किंचित थांबतो, हे त्यांनी पकडलं. पंचांनी माझ्या कागदावर वर्षानुवर्षं हाच दोष लिहिला होता. काकांनी त्या थांबण्यावरच थाप बसवली आणि ते वळण त्या नाचातलं सगळ्यात उठून दिसणारं झालं.

स्पर्धेत संगीत ठरलेलं असायचं, मी त्याच्यामागं धावायचे. चुकले तर ते पुढं निघून जायचं. संबळ माझी वाट बघतो, कधी मुद्दाम बघत नाही. त्या पाच मिनिटांत मी पहिल्यांदा मान वर करून समोरच्या माणसांचे चेहरे बघितले. इतकी वर्षं मी रेघ बघत होते.

लॉकडाऊनमध्ये शो थांबले ते पूर्वीसारखे परत आले नाहीत. मग शिकवायला लागले. सकाळी मुलं आणि त्यानंतर, हे मी ठरवलं नव्हतं, बायकांची बॅच. मुलांना सोडायला येणाऱ्या आयाच त्या. एकीनं विचारलं, "आम्हाला यायचं नाही का आता?" पस्तिशी-चाळिशीच्या बायकांना उड्या शिकवायच्या नाहीत, हे मला स्पष्ट होतं. मी खिळा ठोकला, सुतळी बांधली. मुलं फिगर्सला कंटाळतात, या बायका कंटाळत नाहीत. सावकाश आहे, जमिनीच्या जवळ आहे, आणि कालच्यापेक्षा आज चाक रेघेच्या किती जवळ राहिलं ते स्वतःलाच दिसतं. त्यातली एक बँकेत कॅशियर आहे, तिचं बाहेरच्या कडेचं वर्तुळ माझ्या काही राज्य खेळाडूंपेक्षा नेमकं आहे. तिला मी मुद्दाम सांगत नाही.

पुढचं विचाराल तर दोन-तीन गोष्टी आहेत. एक, पंचांची परीक्षा. दहापैकी गुण देण्याची पद्धत आता गेली. रोलआर्ट या नव्या गुणपद्धतीत प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला मूळ किंमत असते, वर तिच्या दर्जासाठी उणे तीन ते अधिक तीन. तांत्रिक पॅनल उडी पुरी फिरली की अर्धी राहिली ते ठरवतं. माझ्या काळात पंचाला काय वाटलं यावर खूप चालायचं, आता कागदावर प्रत्येक घटकाचा हिशेब निघतो. मला हे जास्त आवडतं. बाबांना समजावणं सोपं गेलं असतं. पण माझ्या कागदावर तो खांदा आता कुठल्या रकान्यात पडला असता, हे मी अभ्यास करताना शोधत बसते.

दुसरं, जागा. शाळेनं मागचं मैदान द्यायची तयारी दाखवलीय. कोटा फरशी की ट्रिमिक्स, म्हणजे जादा पाणी शोषून काढून घट्ट केलेलं काँक्रीट, यावर चर्चा चालू आहे. पॉलिश केलेला कोटा दिसायला सुंदर, पण आमच्या धुळीत घसरतो, आणि सांधे आलेच. मी ट्रिमिक्सच्या बाजूनं आहे. काँक्रीट मुरायला तीन-चार आठवडे रोज पाणी लागतं, म्हणून पाऊस चांगला झाल्याशिवाय काम काढायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलंय. लातूरमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं, संबळकाकांबरोबर पूर्ण तासाचा कार्यक्रम. लग्नातला तुकडा नाही, तिकीट लावून, कार्पेट नसलेल्या रंगमंचावर. नवरात्रात ते मोकळे नसतात, तुळजापूरची गर्दी कोजागिरीपर्यंत हलत नाही, त्यामुळे तालीम त्यानंतरच. सलग तासभर माझा खुबा टिकणार नाही, म्हणून मध्ये मी बसणार आणि संबळ एकटा वाजणार असं ठरलंय. त्याला किती वेळ द्यायचा यावर मात्र आमचं जमलेलं नाही. मी म्हणते दहा मिनिटं. काका म्हणतात, दहा मिनिटांत तर नुसती वादी ताणून होते.